दिवाळीआधी गळणारी मुलं: आयटीआयत रुळणं नेमकं कशावर ठरतं?

खाडीपट्टा (धागाकर्ती)

ऑगस्टात वर्ग सुरू होतो तेव्हा फिटरच्या एका युनिटात वीस नावं असतात. दिवाळीची सुट्टी संपली की त्यातल्या काही नावांना 'हजर' असं उत्तर येत नाही. शेरा ठरलेला: 'मुलाचं मन रमत नाही.' कोकणात रत्नागिरी असो, कुडाळ असो की महाड, शेरा तोच. पण त्यावरून हाती काहीच लागत नाही. कुठे रमत नाही? कामाच्या बाकावर, थिअरीच्या तासाला, पोरांच्यात, की भाड्याच्या खोलीवर? प्रत्येकाचा इलाज वेगळा.

शालेय समायोजन मोजायला आपल्याकडे सिन्हा-सिंग यांची साठ प्रश्नांची चाचणी वापरतात. भावनिक, सामाजिक आणि शैक्षणिक अशी तीन अंगं, उत्तर हो किंवा नाही. गुण जितके जास्त तितकं समायोजन कमी, हे विसरलं की निष्कर्ष सरळ उलटा निघतो. चाचणी वाईट नाही, पण ती वर्गात बसणाऱ्या शाळकरी मुलांसाठी आहे. आयटीआयतल्या पोराचा दिवसातला मोठा वेळ उभ्याने, हातात हत्यार घेऊन जातो. त्याबद्दल ती एक अक्षर विचारत नाही.

करिअरच्या बाजूने बघायचं तर मानसशास्त्रज्ञ सॅविकस यांनी मांडलेली चार अंगं मला जास्त उपयोगी वाटतात: पुढचा विचार, ताबा, कुतूहल आणि भरवसा. त्यावरची २०१२ सालची मोजपट्टी चोवीस विधानांची आहे, प्रत्येक अंगाला सहा. ती छापून वाटायचीच असं नाही. पोराशी दहा मिनिटं बोलताना हे चार कप्पे डोक्यात असले तरी पुरतं. दोन वर्षांनी आपण कुठे असू हे त्याला दिसतं का? ट्रेड (शिकायचा धंदा) त्याने घेतला की त्याला मिळाला? हातातला जॉब (घडवायला दिलेला तुकडा) सोडून शेजारच्या शॉपमध्ये (कार्यशाळेत) तो कधी डोकावतो का? आणि बिघडलेला जॉब आपल्या हातून सुधारेल असं त्याला वाटतं का?

एक विनंती. 'आमच्या वेळी' नको. आपापल्या ट्रेडमध्ये काय तपासायचं, कसं, किती, आणि कुठे बिनसतं, तेवढंच लिहा.

कानस

फिटरपासून सुरू करतो, कारण भरवशाचा पहिला कस इथेच लागतो.

पहिले काही आठवडे फाइलिंग (कानशीने घासणं), हॅकसॉ (लोखंड कापायची करवत), मार्किंग (खुणा करणं). बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोरं लोखंड घासतायत. घासणाऱ्यालाही तेच वाटतं, आणि घोडं इथेच अडतं. तळहाताला फोड आलेले असतात, खांदा भरून आलेला असतो, आणि ट्रायस्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरला की मधे पोट आलेलं दिसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोरगा मनात म्हणतो, हे आपल्याला जमणारं नाही.

पोट येण्याची कारणं बहुतेक वेळा पोराच्या 'मना'त नसतातच. आधी व्हाइसची (जॉब घट्ट पकडणाऱ्या शिकंज्याची) उंची बघा. जबड्याचा माथा कोपराच्या पातळीत हवा. बाक सगळ्यांना एकाच उंचीचे, आणि दहावी झालेल्या पोरांच्या उंचीत वीतभर फरक. बुटक्या पोराचं कोपर वर उचललं जातं, कानस पुढे जाताना डोलते आणि कडा जास्त खाल्ल्या जातात. पायाखाली लाकडी फळी द्या, अर्ध्या तासात फरक दिसतो. दुसरं, कानशीच्या दातांत अडकलेला कीस. त्याने पृष्ठभागावर खोल ओरखडे येतात आणि पोराला वाटतं आपण जोर कमी लावतोय, म्हणून तो आणखी जोर लावतो. फाइल कार्डाने (तारेच्या ब्रशाने) कीस काढा, कानशीला खडू चोळा. तिसरं, हॅकसॉचं पान. दात पुढच्या बाजूला आहेत ना, ताण पुरेसा आहे ना, मिनिटाला पन्नासच्या आसपासच घाव पडतायत ना? पान ढिलं असेल तर ते वळतं आणि तुटतं. तिसरं पान तुटल्यावर स्टोअरमध्ये मागायला जायची पोराला लाज वाटते. तो मग जॉब तसाच ठेवून बाहेर नळावर पाणी प्यायला जातो. निदेशकांनी (शॉपमध्ये शिकवणाऱ्यांनी) त्या नळाकडे लक्ष ठेवावं, खूप काही कळतं.

मानसशास्त्रज्ञ बँडुरा यांनी १९७७ साली मांडलेलं एवढंच: आपल्याला जमेल हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो स्वतः करून जमलेल्या कामातून. बघून, ऐकून किंवा पाठीवर थाप मिळून येणारा विश्वास त्या मानाने कच्चा. फिटरच्या बाकावर ही गोष्ट मोजून दाखवता येते. प्रत्येक बाजूचं तीन ठिकाणी माप घ्यायला लावा, तारखेसकट वहीत लिहायला लावा. सुरुवातीला अधिक-उणे अर्धा मिलिमीटर सूट असते. तिथून पुढे स्लायडिंग फिटला (दोन तुकडे एकमेकांत सरकतील अशा जोडाला) अधिक-उणे ०.०४ पर्यंत जायचं असतं. पोराने स्वतःच्या वहीत पहिल्या आठवड्यातला ०.९ चा फरक आणि पाचव्या आठवड्यातला ०.२ चा फरक शेजारी शेजारी बघितला की भाषण द्यावं लागत नाही. वही नसेल तर त्याला फक्त कालचा बिघडलेला जॉब आठवतो.

आणि गंज! ऑगस्ट-सप्टेंबरात किनाऱ्यालगतच्या शॉपमध्ये घासून लख्ख केलेला जॉब रात्रीत तांबूस होतो. सकाळी तो बघून पोराचा चेहरा उतरतो. सुट्टीच्या आधी जॉब पुसून तेलाचा हात फिरवायचा आणि कागदात गुंडाळून ठेवायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. काही ठिकाणी हे दिवाळीनंतर शिकवतात. तेव्हा हवा कोरडी झालेली असते, म्हणजे शिकवून झालं तेव्हा गरजच नाही.

ठिणगी

वेल्डरमध्ये तर पावसाळा थेट पोराच्या आत्मविश्वासावरच उठतो. अभ्यासक्रम एक वर्षाचा. कॅल्क्युलेशन, सेफ्टी उरकून पोरं आर्क मारायला (विजेच्या ठिणगीने वेल्डिंग करायला) लागतात ती नेमकी धो धो पावसात. ६०१३ जातीचे वेल्डिंगचे रॉड उघड्या पाकिटात रॅकवर पडलेले असतात आणि लेप दमट झालेला असतो. मग आर्क तडतडतो, शिंतोडे फार उडतात, बीडवर (वितळून बसलेल्या धातूच्या रेघेवर) टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात. पोरगा निष्कर्ष काढतो: 'माझा हात बसत नाही.'

हात की रॉड, हे ठरवायला पाच मिनिटं लागतात. त्याच पाकिटातला रॉड, तीच प्लेट, तोच करंट ठेवून निदेशकाने स्वतः एक बीड मारावा, पोरासमोर. त्यालाही भोकं आली तर दोष रॉडचा. मग कोरडा रॉड घेऊन पोराला मारायला लावावं, बाकी काहीही न बदलता. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ११० अँपिअरच्या आसपास ठेवून बघा. रॉड सारखा चिकटत असेल तर करंट कमी आहे किंवा लाइनचा व्होल्टेज पडलाय. मशीनच्या डायलवर विसंबू नका, टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर बीड सुधारेल, पण कशामुळे ते पोराला कळणार नाही आणि भरवसा तिथेच अडकेल.

रॉड वाळवायचे तर ओव्हनमध्ये, ६०१३ ला शंभर अंशांच्या थोडं पुढे तासभर, पाकिटावर छापलेलं तापमान प्रमाण मानून. ७०१८ जातीच्या रॉडला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं, दोन्ही एकत्र घालू नका. लेपावर पांढरी बुरशीसारखी पूड आली असेल किंवा लेप टवका उडून निघत असेल तर तो रॉड फेकाच.

अपयशाचं कारण पोरगा कुठे शोधतो यावर पुढचं सगळं ठरतं. 'रॉड ओला होता' हे कारण बदलता येतं. 'माझ्यात नाही' हे कारण घरी घेऊन जातात.

तिठा

ह्यां सगळां बरोबर आसा, पण झील (पोरगो) सकाळी गाडयेक खंय चढता तां कोणी बघितलां? पयली गाडी साडेसातची, ती चुकली काय दुसरी साडेनवाक. आयटीआय आठाक भरता. म्हणजे गाडी येळार इली तरी पोरगो उशिराच. निदेशक रोज इचारतत, उशीर कित्याक. पोरगो मान खाली घालता. चार दिवसांनी येवचोच बंद होता. ह्येका तुमी काय म्हणतलात, भावनिक समायोजन?

मस्टर

तिठा यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. हिशेबच करून बघू.

सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाला १२०० तास धरलेले आहेत, ऑन द जॉब ट्रेनिंग (कारखान्यातलं प्रशिक्षण) वेगळं. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, म्हणजे ९६० तास. हाताशी उरले २४०. दिवसाचे सहा तास धरले तर वर्षाचे २०० दिवस झाले. गाडीमुळे रोज एकच तास बुडाला तरी वर्षाकाठी २०० तास गेले. उरलेल्या ४० तासांत, म्हणजे जेमतेम सात दिवसांत, गणपती, शिमगा, भातकापणी, आजारपण, लग्नं सगळं बसवायचं. पोरगा एक दिवसही घरी न राहता कडेलोटावर उभा असतो. हजेरी अर्ध्या दिवसाने मांडली जात असेल तर त्याहून वाईट.

उपाय कागदावरचे आहेत पण चालतात. प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाकडून चार गोष्टी लिहून घ्या: गाव, गाडीची वेळ, ती चुकली तर पुढची कधी, आणि गाडीपर्यंत चालत किती. हा तक्ता घेऊन प्राचार्यांनी डेपो मॅनेजरला लेखी पत्र द्यावं. 'मुलांची गैरसोय होते' असं मोघम लिहू नये, 'अमुक मार्गावर इतके पासधारक, पोचण्याची सध्याची वेळ ही, हवी ती ही' असं लिहावं. आकडा दिसला की वेळ पंधरा-वीस मिनिटं सरकण्याची शक्यता असते. तेही झालं नाही तर त्या गावांच्या पोरांना तात्पुरतं दुसऱ्या पाळीत घेता येतं का बघावं. आणि उशिरा येणाऱ्याला सगळ्यांदेखत विचारू नये. उत्तर गाडीकडे आहे, त्याच्याकडे नाही.

जुना खाक्या

सगळं वाचलं. पण खरं सांगायचं तर निम्मी पोरं आळशी असतात. रात्री दोनपर्यंत मोबाइल, सकाळी डोळे लाल. त्यांना चार कप्पे आणि चोवीस विधानं दाखवून काय होणार? दोन दिवस बाहेर उभं करा.

मस्टर

आळशी पोरं असतात, नाकारत नाही. पण आळस आणि टाळाटाळ हजेरीपटावर वेगळी दिसते. महिन्याचा पट उभा न वाचता आडवा वाचा, एकेका पोराची रेघ.

रोजचा पहिला तासच बुडतोय तर गाडी. फक्त थिअरीचे दिवस बुडतायत तर इंग्रजी किंवा गणित. फक्त प्रॅक्टिकल बुडतंय तर हाताला झालेली जखम, मशीनची भीती, बूट-ॲप्रन नाही किंवा फुटलेला जॉब. आठवड्यातले ठरावीक दोन दिवस जातायत तर कमाई चालू आहे. प्रत्येक चाचणीनंतर दोन-तीन दिवस गैरहजेरी आणि दर वेळी थोडी वाढती, हा खरा धोक्याचा नमुना. इथे भरवसा ओसरतोय. सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस तर घराची ओढ, किंवा खोलीवर खायचे हाल. आणि ज्याच्या रेघेत कसलाच नमुना नाही, वाटेल तेव्हा येतो वाटेल तेव्हा जातो, तो तुमचा आळशी. त्याला खुशाल बाहेर उभा करा, पण बाकीच्यांना त्याच्या रांगेत नको.

हे वाचायला वीस नावांना अर्धा तास लागतो. सप्टेंबरअखेर एकदा आणि ऑक्टोबरच्या मध्यावर एकदा, एवढं तरी व्हावं.

जेटी

'कमाई चालू आहे' हे कोकणात नीट समजून घ्यायला हवं. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. १ ऑगस्टपासून बोटी समुद्रात जातात आणि खलाशी भरती नेमकी त्याच सुमारास. हंगामाची उचल घरात येते. मिरकरवाडा, हर्णै, साखरी नाटे, मालवण, कुठेही जा, सोळा-सतरा वर्षांच्या पोराला आयटीआयचा वर्ग आणि बोटीवरचे रोख पैसे एकाच पंधरवड्यात समोर येतात. पुढे मार्च ते मे आंबा. काढणी, वाहतूक, पेट्या भरणं, सगळीकडे माणूस कमी. यात पोराला दोष देण्यासारखं काही नाही, तो घराचा हिशेब करतोय.

याला तोड एकच, ट्रेडचा आणि गावच्या कामाचा सांधा त्याला लवकर दाखवणं. डिझेल मेकॅनिकच्या पोराला सांगा की बंदीच्या दोन महिन्यांत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि इंजिनं उघडायची वेळ तीच. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलिंगमध्ये क्षार साचून इंजिन तापतं, पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर फाटतो, जस्ताची पट्टी झिजली की पाइप खाल्ले जातात. ही तीन कामं शॉपमधल्या ट्रकच्या इंजिनावर दिसत नाहीत. संस्थेने एक दिवस जेटीवर नेलं, एक इंजिन उघडताना पोरांना जवळ उभं केलं, की बोट आणि वर्ग ही एकमेकांची सवत राहत नाहीत.

रेफ्रिजरेशनवाल्याला बर्फाचे कारखाने आणि आंब्याच्या पल्पची शीतगृहं दाखवा. गणपतीपुळे-तारकर्लीच्या हॉटेलांतले एसी आहेतच, तेही खाऱ्या हवेने कॉइल खाल्लेले. अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट या ट्रेडला लोटे-परशुराम आणि महाडचे रासायनिक कारखाने जवळ. मोटार मेकॅनिकला एसटीची कार्यशाळा. सिंधुदुर्गातली पोरं गोव्याकडे बघतात, तेही आधीच बोलून घ्यावं: खोलीभाडं, पाळी, घरी यायची गाडी.

खाडीपट्टा

जेटी, तुमच्या शेवटच्या परिच्छेदातून मी टाळत असलेला विषय निघाला: ट्रेड निवडला कोणी?

प्रवेश दहावीच्या गुणांवर, ऑनलाइन, पसंतीक्रमाने. अर्ज भरताना एक गोष्ट कोणी विचारत नाही: आधी ट्रेड, की आधी संस्था? म्हणजे 'इलेक्ट्रिशियनच हवा, मग दुसऱ्या तालुक्यात का असेना' की 'घराजवळचं आयटीआय हवं, मग ट्रेड कुठलाही'. दोन्ही बरोबर असू शकतात. पण यादी भरणारा बहुधा सायबर कॅफेवाला असतो आणि तो दोन्हींची खिचडी करतो. पोराला पत्ता लागतो तो जागा मिळाल्यावर.

'मिळाला तो ट्रेड' घेऊन आलेला पोरगा वाया गेलेला नसतो. त्याच्याकडे ताबा नाही, एवढंच. तो थोडा थोडा परत द्यावा लागतो. कुठला जॉब आधी करायचा, जोडीदार कोण, ग्रुप प्रोजेक्टचा विषय काय, अशा छोट्या निवडी त्याच्या हातात द्याव्यात. त्याला 'तुझा ट्रेडच भारी' असं पटवायला जाऊ नये, ती फसवणूक त्याला लगेच कळते. त्याऐवजी पहिल्या महिन्यात एक प्रश्न लिहून घ्यावा: 'या ट्रेडमधली कुठली दोन कामं तुला बघायची आहेत?' कागद कोरा आला तर कुतूहलाच्या कप्प्यात काही नाही असं समजावं आणि त्याला इतर दोन शॉपमध्ये अर्धा-अर्धा दिवस पाठवावं.

दहावीच्या मुलांसाठी २०१६ पासून काही वर्षं कलचाचणी झाली, तिचा कागद काहींच्या जुन्या फायलीत सापडेल. तो बघा, पण जपून. कल क्षेत्राचा असतो, ट्रेडचा नसतो. 'तांत्रिक' असा शेरा असलेल्याला वायरमन आवडेल की कातारी (टर्नर), हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

लीस्ट काउंट

थिअरीचे दिवस बुडवणाऱ्यांबद्दल. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात शंभरेक नवे इंग्रजी शब्द ऐकू येतात. ते अवघड नसतात, अनोळखी असतात. शब्द फळ्यावर लिहून उपयोग नाही, वस्तूवर चिकटवा. व्हाइसच्या प्रत्येक भागावर, ड्रिल मशीनच्या स्पिंडलवर, चकवर, प्लास्टिकात गुंडाळलेली चिठ्ठी, देवनागरीत उच्चार आणि खाली काम. उघडा कागद आमच्याकडच्या दमट हवेत चार दिवसांत गळून पडतो.

गणितात अडतं ते दशांश चिन्हापाशी. व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं दोन पट्ट्यांचं साधन) घ्या. मुख्य पट्टीवरचा एक भाग १ मिलिमीटर. व्हर्निअरचे ५० भाग मिळून ४९ मिलिमीटर, म्हणजे एक भाग ०.९८. फरक ०.०२, हाच लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप. सूत्र पाठ करणारा पोरगा वाचन करताना ०.०२ ला भाग क्रमांकाने गुणायचं विसरतो आणि २४.३६ च्या जागी २४.१८ लिहितो. इथे त्याला चूक म्हणून सोडून देऊ नका. अठरावी रेघ जुळली हे त्याला बरोबर दिसलंय! डोळा तयार आहे, गुणाकार राहिलाय. हे असं तोडून सांगितलं की पोरगा पुन्हा माप घेतो. नुसती फुली मारली की व्हर्निअर शेजाऱ्याकडे सरकवतो आणि तिथून पुढे दोन वर्षं सरकवतच राहतो.

दहावीत गणितात मार खाल्लेल्यांना पैशात शिकवावं. ०.०२ म्हणजे दोन पैसे, पन्नास वेळा दोन पैसे म्हणजे रुपया. पोरकट वाटेल, पण चालतं.

ॲप्रन

मुलींबद्दल कोणी बोललेलं नाही म्हणून लिहिते. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, पण फिटर-वेल्डरच्या युनिटात बऱ्याचदा एक किंवा दोनच मुली दिसतात. एकटी असेल तर ती रुळत नाही, असा सरसकट समज आहे. तपासायच्या गोष्टी मात्र साध्या आहेत.

सेफ्टी शूज तिच्या मापाचे आहेत का? सात-आठ नंबरचे सरसकट मागवलेले असतात, तिला चार-पाच लागतो. मोठ्या बुटात पाय घसरतो आणि लेथसारख्या फिरत्या यंत्राजवळ उभं राहायला ती घाबरते. हातमोज्यांचंही तेच. ओढणी आणि मोकळे केस फिरत्या मशीनजवळ चालणार नाहीत हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर, मुलांच्या सैल बाह्या आणि हातातल्या दोऱ्यांसकट सांगावं. फक्त तिला बाजूला घेऊन सांगितलं तर ती अडचण ठरते. स्वच्छतागृह शॉपपासून किती लांब आणि किल्ली कोणाकडे? किल्ली पुरुष शिपायाकडे असेल तर मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, दुपारी डोकं दुखतं, आणि मस्टर यांच्या रेघेत ती 'दुपारनंतर गैरहजर' दिसते.

ऑन द जॉब ट्रेनिंगला १५० तास आहेत. पाठवण्याआधी कारखान्याची पाळी किती वाजता सुटते आणि गावची शेवटची गाडी किती वाजता, हे दोन आकडे शेजारी लिहावेत. ते जुळत नसतील तर आईवडील नाही म्हणतील, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

कानस

एक राहिलं. गणपती. वर्ग सुरू झाला की काही आठवड्यांत पोरं घरी. चाकरमानी आलेले, कुणाकडे पाच दिवस, कुणाकडे अकरा, कुठे एकवीस. तुम्ही काही केलंत तरी पोरगा जाणारच, मग भांडता कशाला? जाण्याआधीच्या आठवड्यात एक जॉब पुरा करून, माप घेऊन, सही होईल असा बेत ठेवावा. अर्धा जॉब मागे ठेवून गेलेल्याला परतताना त्या अर्ध्या जॉबचं ओझं असतं, शिवाय तो गंजलेलाही असतो. परतल्यावर पहिल्या दिवशी चाचणी घेऊ नये, हत्यारं तेलपाणी करून जुन्या जॉबची मापं पुन्हा घ्यायला लावावीत. हात बसायला एक दिवस लागतो.

वीज गेली तरी तसंच. पावसात लाइन गेली की लेथ, वेल्डिंग बंद आणि पोरं कट्ट्यावर. अशा वेळी काय करायचं ते आधी ठरलेलं हवं. इलेक्ट्रिशियनवाल्यांना बोर्डावर बंद लाइनचं वायरिंग आणि बॅटरीवर कंटिन्युइटी (तार कुठे तुटली नाही ना, याची) तपासणी, आपल्याकडे मार्किंग आणि बेंचवर्क. रिकामा दिवस हा गैरहजेरीचा सराव असतो.

शिकाऊ

पहिलं वर्ष तरून गेलेली मुलं दुसऱ्या वर्षी मध्यावर ढिली पडतात. याचं कारण बहुधा 'पुढे काय' हे अंधारात असणं. माहिती शेवटच्या महिन्यात निरोप समारंभात दिली जाते, तेव्हा तिचा उपयोग संपलेला असतो.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच तीन वाटा फळ्यावर मांडाव्यात. १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी, म्हणजे कारखान्यात विद्यावेतनावर काम आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या दहावी पास मुलांना पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाची वाट. आणि भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षता, जी पुढे पदवीला किंवा भरतीला लागते. कुठली वाट घ्यायची ते पोरगा ठरवेल, पण वाटा आहेत हे त्याला आज दिसायला हवं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर वडिलांचं नाव वेगळ्या पद्धतीने, बँकेत तिसरंच. शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदणी अडते, पोरगा दोन महिने हेलपाटे घालतो आणि तोवर कारखान्याची जागा भरते. मग तो म्हणतो, 'आयटीआय करून काही होत नाही.' प्रवेशाच्या वेळीच तिन्ही कागद शेजारी ठेवून जन्मतारीख आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवा. चूक सापडली तर दुरुस्तीला दोन वर्षं हातात असतात.

जुना खाक्या

आडवी रेघ वाचून बघायला हरकत नाही. पण समजा त्यात 'चाचणीनंतर गैरहजेरी' निघाली आणि पोरगा बोलतच नाही, तर?

खाडीपट्टा

खुर्चीवर समोर बसवू नका, बोलणार नाही. त्याच्या बाकाजवळ जाऊन, त्याचाच जॉब हातात घेऊन विचारा, 'हे कुठे अडलं?' डोळे जॉबवर असले की बोलणं सोपं जातं. पहिल्यांदा दोन वाक्यं मिळाली तरी खूप. दोन दिवसांनी पुन्हा जा.

मात्र झोप उडालेली, जेवण तुटलेलं, दारूचा वास, 'मी नसलो तर बरं' अशा तऱ्हेचं बोलणं, यांतलं काही दिसलं तर तो बाकावर सुटणारा विषय नाही. त्याच दिवशी घरच्यांशी बोला, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पोराच्या फोनमध्ये आपल्यासमोर सेव्ह करून द्या. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तिठा

आणि आवशी-बापाशीक काय दाखवशात? तेंका वाटता झील दोन म्हयने लोखंड घासता.

कानस

तेच दाखवायचं, पण घासून काय झालं ते. साधारण सहाव्या आठवड्यात भंगारातल्या पट्टीचा एक कडी-कोयंडा करायला लावा. कापणं, घासणं, दोन भोकं ड्रिल करणं आणि काउंटरसिंक (स्क्रूचं डोकं आत बसेल असा भोकाला खळगा), एवढ्यात पोराने शिकलेलं सगळं येतं. स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या वर राहता कामा नयेत, कडा हाताला लागता कामा नयेत. ग्रीस लावून घरी न्यायला द्या, दाराला पोरानेच बसवावा. फक्त स्टोअरच्या भंगार रजिस्टरला वजन टाकून आधी सही घ्या, नाहीतर वर्षअखेरच्या तपासणीत तो कोयंडा निदेशकाच्या नावावर निघतो.